निवड कोणाची? : नादिया कोमानेचीविषयक तीन ग्रंथांतील बालखेळाडू, राज्यसंस्था आणि साक्ष

१. प्रस्तावना

१८ जुलै १९७६ रोजी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये अनइव्हन बार्सवरील कसरत संपवून चौदा वर्षांची एक रुमानियन मुलगी खाली उतरली आणि गुणफलकावर १.०० असा आकडा उमटला. गुणफलकावर दशांशचिन्हाच्या डावीकडे एकाच अंकाची सोय होती, कारण दहापैकी दहा गुण कोणाला मिळतील ही शक्यताच गृहीत धरलेली नव्हती. त्या स्पर्धेत नादिया कोमानेचीने एकूण सात वेळा पूर्ण दहा गुण मिळवले, तीन सुवर्णपदके जिंकली, आणि पुढे अनेक वर्षे महिला जिम्नॅस्टिक्स म्हटले की हीच प्रतिमा जगासमोर उभी राहू लागली.

या प्रतिमेविषयी विपुल लेखन झाले आहे. त्यातील बरेचसे लेखन दोन टोकांपैकी एकावर जाऊन थांबते. एका टोकाला अद्वितीय प्रतिभेचा गौरव असतो, तर दुसऱ्या टोकाला साम्यवादी राजवटीने चिरडलेल्या बाल्याविषयीचे कारुण्य. दोन्ही प्रकारच्या लेखनात एक प्रश्न बाजूला पडतो. सहाव्या-सातव्या वर्षी एखादे मूल राज्यसंस्थेच्या खर्चाने चालणाऱ्या प्रशिक्षणासाठी 'निवडले' जाते, तेव्हा या क्रियापदाचा कर्ता कोण असतो? आणि त्या मुलावर जे गुदरते त्याची साक्ष देण्याचा अधिकार नंतर कोणाकडे जातो?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या संदर्भात तीन ग्रंथांचा विचार केला आहे. पहिला ग्रंथ म्हणजे स्वतः कोमानेचीचे 'लेटर्स टू अ यंग जिम्नॅस्ट' (२००४) हे पत्ररूप आत्मकथन. दुसरा, लोला लाफों यांची २०१४ साली प्रसिद्ध झालेली फ्रेंच कादंबरी. 'कधीच न हसणारी छोटी कम्युनिस्ट' असा तिच्या शीर्षकाचा अर्थ आहे. तिसरा, रुमानियन इतिहासकार स्तेजारेल ओलारू यांचा 'नादिया आणि सेक्युरिताते' अशा अर्थाच्या शीर्षकाचा २०२१ सालचा ग्रंथ. तो चाउशेस्कू राजवटीतील गुप्त पोलिसांच्या दफ्तरावर आधारलेला आहे. एक आत्मकथन, एक कादंबरी आणि एक दस्तऐवजाधिष्ठित इतिहास असे हे तीन भिन्न वाङ्मयप्रकार एकाच बालपणाकडे पाहतात. ते एकमेकांशेजारी ठेवून वाचले असता बालखेळाडूंच्या संरक्षणाविषयीच्या एका रूढ समजुतीला धक्का बसतो. अत्याचार घडतात ते माहिती मिळत नाही म्हणून, ही ती समजूत होय.

२. ओनेश्तीचे प्रतिमान : निवडीची यंत्रणा

ग्रंथांकडे वळण्यापूर्वी ज्या व्यवस्थेविषयी ते बोलतात तिचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. पूर्व रुमानियातील ओनेश्ती हे रासायनिक उद्योगांभोवती वाढलेले औद्योगिक शहर. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथे मुलींसाठी जिम्नॅस्टिक्सची विशेष शाळा सुरू झाली. बेला आणि मार्ता कारोली हे दांपत्य तेथे प्रशिक्षक होते. बहुतेक मुली शाळेच्या वसतिगृहात राहत. शिक्षण, निवास, आहार, वैद्यकीय देखरेख आणि सराव या सर्वांची जबाबदारी शासनाकडे होती. मोटार मेकॅनिक असलेल्या पित्याच्या घरातील मुलीसाठी अशी शाळा म्हणजे एरवी न मिळणाऱ्या संधीचे दार होते. व्यवस्थेची ही बाजू दुर्लक्षून चालणार नाही. पालकांनी आपल्या मुली आनंदाने तेथे पाठवल्या, यामागे प्रचाराइतकाच हा व्यवहारही होता.

निवडीची कथा बेला कारोलींनी अनेकदा सांगितली आहे. शाळेच्या मधल्या सुटीत दोन लहान मुली कार्टव्हील करताना त्यांना दिसल्या. घंटा झाली आणि मुली आत पळाल्या. मग त्यांनी वर्गावर्गांतून फिरून, जिम्नॅस्टिक्स कोणाला आवडते, असे विचारत त्या दोघींना शोधून काढले. ही कथा लोकप्रिय होण्याचे कारण उघड आहे. तीत शोधणारा नायक आहे आणि सापडलेले रत्न आहे. परंतु नादियाचे जिम्नॅस्टिक्स बालवाडीच्या वयातच 'फ्लाकारा' या स्थानिक संघात, वेगळ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली सुरू झाले होते, ही गोष्ट त्या कथेत मागे पडते. ओनेश्तीच्या उपक्रमाच्या उभारणीत मारिया सिमियोनेस्कू यांच्यासारख्या व्यक्तींचा वाटा होता, तोही त्या कथेत दिसत नाही. निवड ही एका द्रष्ट्या दृष्टिक्षेपाची किमया नव्हती. बालवाडी, स्थानिक संघ, विशेष शाळा आणि राष्ट्रीय संघ अशा पायऱ्यांनी चालणारी ती गाळणी होती.

या गाळणीत काय पाहिले जात असे, हेही लक्षणीय आहे. शरीराची ठेवण, वजनाच्या मानाने ताकद, सांध्यांची लवचिकता, तोल आणि न घाबरणे हे गुण सहाव्या वर्षी काही प्रमाणात दिसू शकतात. कठीण कसरती यौवनारंभापूर्वीच्या हलक्या शरीराला तुलनेने सोप्या जातात, हे या खेळाचे वास्तव आहे, आणि लवकर निवड करण्यामागील तांत्रिक युक्तिवाद त्यावरच उभा आहे. मात्र याच युक्तिवादातून पुढचा निष्कर्षही निघतो. ज्या शरीराची किंमत ते वाढलेले नसण्यात आहे, त्या शरीराची वाढ ही व्यवस्थेच्या दृष्टीने अडचण ठरते. आहारावरील कठोर नियंत्रण, वजनकाट्याची दहशत आणि वयाच्या नोंदींतील फेरफार या गोष्टी काही व्यक्तींच्या दुष्टपणातून तेवढ्या उद्भवत नाहीत. निवडीच्या निकषातच त्यांचे बीज असते. दानिएला सिलिवाश हिचे वय दोन वर्षांनी वाढवून दाखवले गेल्याचे तिने पुढे स्वतःच सांगितले. चीनच्या डोंग फांगशियाओ हिच्या वयाच्या चौकशीनंतर सिडनी ऑलिम्पिकमधील चिनी महिला संघाचे कांस्यपदक २०१० साली काढून घेण्यात आले. स्पर्धकाचे किमान वय १९८१ साली १५ आणि १९९७ साली १६ करण्यात आले, ते या प्रवृत्तीला आवर घालण्यासाठीच.

३. आत्मकथन : कर्तेपणाचा दावा

'लेटर्स टू अ यंग जिम्नॅस्ट' हे पुस्तक एका तरुण जिम्नॅस्टला उद्देशून लिहिलेल्या पत्रांच्या रूपात आहे. हे रूप सोयीचे म्हणून स्वीकारलेले नाही. ज्या व्यक्तीविषयी आयुष्यभर इतरांनीच बोलावे, तिने श्रोता स्वतः निवडून बोलणे याला अर्थ आहे. संपूर्ण पुस्तकाचा सूर दयेला नकार देणारा आहे. सराव खडतर होता, पण तो आपल्याला हवा होता. सांगितले त्याहून अधिक करण्याची ईर्षा आपल्यातच होती. प्रशिक्षक कठोर होते, पण त्या कठोरपणाविना यश मिळाले नसते, अशी या आत्मकथनाची भूमिका आहे. थोडक्यात, 'मला निवडले गेले' या वाक्याचे रूपांतर लेखिका 'मी निवडले' या वाक्यात करते.

या दाव्याची वासलात 'भ्रम' म्हणून लावणे हे समीक्षेच्या दृष्टीने अन्यायाचे ठरेल. शिखरावर पोहोचलेल्या खेळाडूचे प्रावीण्य हे तिचे स्वतःचे असते. ते पूर्णपणे प्रशिक्षकाच्या किंवा राज्यसंस्थेच्या पदरात टाकणे म्हणजे तिला दुसऱ्यांदा वस्तू बनवणे होय. तरीही या आत्मकथनातील दोन जागा त्याच्याच भूमिकेला आतून छेद देतात.

पहिली जागा बाहुलीची. १९६९ साली पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत नादिया तेरावी आली. तेव्हा प्रशिक्षकाने तिला एक बाहुली दिली. पुन्हा कधी तेरावे यायचे नाही, याची ती आठवण होती. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या हातातील खेळणे हे येथे एकाच वेळी बक्षीस आणि ताकीद आहे. माया आणि धाक यांतील सीमारेषा मुलाला दिसणार नाही, अशा रीतीने दोन्ही एका वस्तूत एकत्र येतात. प्रौढ वयात ही आठवण प्रेमळपणे सांगितली जाते, यावरून त्या अध्यापनाचा प्रभाव किती खोल होता तेच कळते. त्या वयात नकाराची शक्यता खरोखर उपलब्ध होती काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यातून मिळत नाही.

दुसरी जागा १९८१ नंतरच्या आयुष्याविषयीची आहे. त्या वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यात कारोली दांपत्य आणि नृत्यदिग्दर्शक गेझा पोझार यांनी मायदेशी परतण्यास नकार दिला. त्यानंतर नादियावरील पाळत वाढली आणि तिच्या परदेश प्रवासावर कडक निर्बंध आले. आपण कैदी आहोत असे तेव्हा वाटू लागले, आणि वस्तुतः आपण पहिल्यापासूनच कैदी होतो, अशी कबुली लेखिका या संदर्भात देते. 'मी निवडले' आणि 'मी पहिल्यापासून कैदी होते' ही दोन्ही विधाने एकाच ग्रंथात नांदतात. त्यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न लेखिका करीत नाही, आणि आत्मकथनातील सर्वांत प्रामाणिक भाग कदाचित हाच असावा. नोव्हेंबर १९८९ मध्ये रात्रीच्या अंधारात हंगेरीची सीमा पायी ओलांडणारी स्त्री तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. निःसंशयपणे तिचा स्वतःचा म्हणता येईल असा हा निर्णय निवड झाल्यानंतर सुमारे वीस वर्षांनी आलेला आहे.

येथे आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. नादियाचे घर ओनेश्तीतच असल्यामुळे इतर अनेक मुलींप्रमाणे तिला सुरुवातीची वर्षे वसतिगृहात काढावी लागली नाहीत. रोज संध्याकाळी घरी जाणाऱ्या मुलीचा अनुभव आणि चोवीस तास त्याच भिंतींच्या आत राहणाऱ्या मुलींचा अनुभव एकसारखा मानता येत नाही. त्यामुळे या आत्मकथनाला संपूर्ण व्यवस्थेचे प्रातिनिधिक निवेदन समजण्याचा मोह टाळला पाहिजे. विजेत्याची साक्ष ही खरी असली तरी ती गाळणीतून पार झालेल्याची साक्ष असते. मधल्या पायऱ्यांवर बाद झालेल्या मुलींची पत्रे कोणी प्रसिद्ध केलेली नाहीत.

४. कादंबरी : बोलण्याच्या अधिकाराची चिकित्सा

लोला लाफों यांनी बालपणाचा काही काळ रुमानियात घालवला आहे. आपल्या कादंबरीच्या आरंभीच त्या स्पष्ट करतात की, निवेदिका आणि नादिया यांच्यातील संवाद काल्पनिक आहेत. कादंबरीत निवेदिका लिहिलेली प्रकरणे नादियाला पाठवते. ती त्यांवर आक्षेप घेते, दुरुस्त्या सुचवते, कधी मौन पाळते. चरित्रनायिकाच चरित्राची समीक्षक बनावी, ही या रचनेची मुख्य कल्पना होय.

या रचनेमुळे कादंबरीला दोन गोष्टी साधता येतात. पहिली म्हणजे पाश्चात्त्य वाचकाच्या सहानुभूतीची तपासणी. रुमानियाविषयी ठरावीक करड्या रंगांत लिहू पाहणाऱ्या निवेदिकेला कादंबरीतील नादिया वारंवार अडवते. चौदा वर्षांच्या मुलीच्या हलक्या शरीराने भारावून जाणारी पत्रकारिता पाश्चात्त्य होती. दोन वर्षांनी तीच मुलगी वयात आलेली दिसताच निराशेने तिच्या वजनाची चर्चा करणारी पत्रकारिताही तीच होती. शरीर घडवण्याचे काम एका व्यवस्थेने केले, तर ते उपभोगण्याचे काम दुसरीने केले, हे कादंबरीचे प्रतिपादन आहे.

दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. चाउशेस्कू राजवटीने १९६६ साली ७७० क्रमांकाच्या हुकूमनाम्याने गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली आणि लोकसंख्यावाढ हे राष्ट्रीय कर्तव्य ठरवले. पुढे कारखान्यांतील स्त्रियांच्या स्त्रीरोग तपासण्याही होऊ लागल्या. लाफों या धोरणाची सांगड जिम्नॅस्टिक्सच्या शाळेशी घालतात. एकीकडे राज्यसंस्था प्रौढ स्त्रीच्या गर्भाशयावर हक्क सांगत होती, आणि दुसरीकडे तीच राज्यसंस्था काही निवडक मुलींच्या शरीराने स्त्रीत्वाकडे जाऊ नये अशी अपेक्षा धरत होती. या दोन मागण्या परस्परविरोधी वाटतात, परंतु त्यांचे मूळ एकच आहे. स्त्रीचे शरीर ही राष्ट्राची मालमत्ता आहे, हे गृहीतक दोन्हींच्या मुळाशी आहे. क्रीडाविषयक लेखनात सहसा न आढळणारी ही जोड या कादंबरीचे महत्त्वाचे योगदान मानावे लागेल.

कादंबरीची मर्यादाही नोंदवली पाहिजे. तिच्यातील नादिया जे आक्षेप घेते ते आक्षेप लेखिकेनेच लिहिलेले आहेत. बोलण्याचा अधिकार परत करण्याची भाषा करताना, जिवंत व्यक्तीच्या तोंडी शब्द घालण्याची कृती कादंबरी करतेच. लेखिकेला याची जाणीव आहे आणि आरंभीचे निवेदन त्या जाणिवेतूनच आलेले आहे. परंतु जाणीव असणे म्हणजे प्रश्न सुटणे नव्हे. नादियाचे मौन भरून काढण्याची प्रत्येकाला वाटणारी निकड हाही त्या मौनावरील एक प्रकारचा हक्कच होय.

५. नस्ती : सर्व जाणणारी आणि काहीही न करणारी साक्ष

स्तेजारेल ओलारू यांच्या ग्रंथाने या चर्चेला वेगळे वळण दिले. सेक्युरिताते या गुप्त पोलीस यंत्रणेने नादिया आणि तिच्या भोवतालच्या व्यक्तींवर दीर्घकाळ पाळत ठेवली होती. प्रशिक्षक, डॉक्टर, नृत्यदिग्दर्शक, क्रीडा अधिकारी अशा निकटवर्ती वर्तुळातील अनेक जण या यंत्रणेला माहिती पुरवत होते. राजवट कोसळल्यानंतर खुल्या झालेल्या दफ्तरातील हे अहवाल ओलारू यांनी क्रमवार मांडले आहेत. या अहवालांत मुलींना होणारी मारहाण, अपशब्द, अन्न तोडणे आणि दुखापतीकडे दुर्लक्ष करून सराव करायला लावणे यांच्या नोंदी आढळतात. संघातील नादियाची सहकारी आणि १९७९ ची फ्लोअर एक्सरसाइजमधील विश्वविजेती एमिलिया एबरले हिनेही २००८ साली मारहाणीविषयी जाहीरपणे सांगितले होते. बेला कारोली यांनी तेव्हा असे आरोप धुडकावून लावले होते. २०२४ साली त्यांचे निधन झाले.

या नोंदींचा सनसनाटी उपयोग करणे सोपे आहे. परंतु समीक्षकाच्या दृष्टीने खरा प्रश्न नोंदींच्या आशयाइतकाच त्यांच्या अस्तित्वाचा आहे. हे अहवाल मुलींच्या हितासाठी लिहिलेले नव्हते. प्रशिक्षक देश सोडून जातील काय, राष्ट्राची प्रतिमा डागाळेल काय, कोणाची निष्ठा डळमळते आहे, हे जाणण्यासाठी ते लिहिले गेले. मुलीच्या अंगावरील वळ त्यात आला तो प्रशिक्षकाविषयीच्या माहितीचा एक भाग म्हणून. म्हणजेच वेदनेची नोंद झाली, ती वरिष्ठांपर्यंत पोहोचली, दफ्तरी दाखल झाली, आणि दुसऱ्या दिवशी सराव ठरल्या वेळी सुरू झाला. पदके येत होती तोवर हस्तक्षेपाचे कारण उरत नव्हते.

हस्तक्षेपाची क्षमता नव्हती, असे म्हणता येणार नाही. १९७७ साली प्राग येथील युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत गुणदानावरून वाद झाला, तेव्हा चाउशेस्कू यांच्या आदेशावरून रुमानियाचा संघ स्पर्धा अर्धवट सोडून मायदेशी परतला. त्यानंतर नादियाला कारोलींपासून वेगळे करून बुखारेस्टला हलवण्यात आले. राष्ट्राचा अवमान झाला असे वाटताच देशाचा सर्वोच्च नेता काही तासांत हालचाल करू शकत होता. मुलींच्या उपासमारीच्या अहवालावर मात्र अशी तातडी दाखवली गेली नाही. या दोन प्रसंगांतील अंतर हेच ओलारू यांच्या ग्रंथाने पुरवलेले सर्वांत बोलके प्रमाण आहे.

नस्तीची भाषा हाही अभ्यासाचा विषय आहे. तीत मूल हे कधीच उद्देश्य नसते. ते निरीक्षणाचा विषय असते, आणि बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी नस्तीतील एक परिच्छेद असते. खबऱ्या मंडळींमध्ये भीतीपोटी बोलणारे होते, व्यावसायिक हेव्यातून बोलणारे होते, आणि मुलींविषयी खरी कणव असलेलेही असू शकतात. दस्तऐवजावरून हे हेतू वेगळे काढणे कठीण आहे. म्हणून नस्तीतील प्रत्येक वाक्य सत्य मानणे जितके धोक्याचे, तितकेच ते गुप्त पोलिसांचे म्हणून नाकारणेही धोक्याचे ठरते. ओलारू वेगवेगळ्या व्यक्तींचे अहवाल एकमेकांशी ताडून पाहतात, ही त्यांच्या पद्धतीची जमेची बाजू होय.

६. रुमानियाच्या सीमेपलीकडे

हे सर्व एका विशिष्ट हुकूमशाहीचे वैशिष्ट्य होते, असा युक्तिवाद होऊ शकतो. सोव्हिएत संघाचे उदाहरण या युक्तिवादाला काही अंशी पुष्टी देते. १९७८ ची विश्वविजेती येलेना मुखिना हिचा मोडलेला पाय पुरता बरा झालेला नसताना तिला सरावाला उतरवण्यात आले. मॉस्को ऑलिम्पिकच्या सुमारे दोन आठवडे आधी, ३ जुलै १९८० रोजी मिन्स्क येथे सरावात तिची मान मोडली आणि २००६ साली मृत्यू येईपर्यंत तिचे आयुष्य अंथरुणाला खिळून गेले. १९८८ साली 'अगन्योक' या साप्ताहिकातील मुलाखतीत तिने सांगितले की, पडल्यानंतर मनात आलेला विचार सुटकेचा होता. आता ऑलिम्पिकला जावे लागणार नाही, असे तिला वाटले. जेथे 'नाही' म्हणण्याची दुसरी वाटच नसते, तेथे अपघात हीच नकाराची भाषा बनते.

परंतु राजवट बदलल्याने प्रश्न संपला नाही. १९८९ नंतरच्या लोकशाही रुमानियात, १९९३ साली, बुखारेस्टमध्ये अकरा वर्षांच्या एका जिम्नॅस्ट मुलीचा प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्या प्रशिक्षकाला न्यायालयाने दोषी ठरवले. १९९९ ची विश्वविजेती मारिया ओलारू हिने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनाच्या शीर्षकाचा अर्थच 'सोन्याची किंमत' असा आहे, आणि त्यात देवा येथील राष्ट्रीय केंद्रातील मारहाणीची वर्णने आहेत. अमेरिकेत तर हा खेळ शासकीय अनुदानावर चाललेला नव्हता. तरीही तेथील राष्ट्रीय संघाच्या डॉक्टरने केलेल्या लैंगिक अत्याचारांचे प्रकरण २०१८ सालच्या शिक्षेपर्यंत पोहोचायला अनेक वर्षे लागली. मधल्या काळात तक्रारी होत होत्या आणि त्या क्रीडा संघटनेच्या कार्यालयांत पडून राहत होत्या. ब्रिटनमध्ये जिम्नॅस्टिक्सला सार्वजनिक निधी मिळतो. तेथे अॅन व्हाइट यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. चौकशीकडे चारशेहून अधिक निवेदने आली होती, आणि खेळाडूचे हित संघटनेच्या कार्यसंस्कृतीच्या केंद्रस्थानी नव्हते, असा तिचा निष्कर्ष होता.

या भिन्न व्यवस्थांमधील समान दुवा हुकूमशाही हा नाही, आणि शासकीय अनुदान हाही नाही. ज्या संस्थेला पदकाचा लाभ होतो, तिच्याकडेच मुलाच्या वेदनेची माहिती जमा होते आणि तिने काय करायचे याचा निर्णयही तीच घेते, हा तो दुवा आहे. सेक्युरितातेची नस्ती हे या रचनेचे टोकाचे रूप मानता येईल. लोकशाहीतील क्रीडा संघटनेच्या कपाटातील अनुत्तरित तक्रार हे तिचेच सौम्य रूप होय.

या निष्कर्षाचा संबंध महाराष्ट्राशीही पोहोचतो. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी या निवासी योजनेत ८ ते १४ या वयोगटातील मुलामुलींची उंची, वजन, धाव, उडी, लवचिकता अशा चाचण्यांमधून निवड केली जाते. ग्रामीण आणि अल्प उत्पन्न गटातील मुलांना अशा योजनेने जे दिले आहे ते खासगी व्यवस्थेला देता आले नसते, हे मान्य करावेच लागेल. अशा योजनांवर रुमानियाचा आरोप ढकलणे हा विपर्यास होईल. तथापि, निवडीचे निकष मोजपट्टी, काटा आणि घड्याळ यांनी ठरतात तेथे मुलाच्या इच्छेसाठी रकाना कोठे आहे, हा प्रश्न तेथेही विचारता येतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने अशा अपराधाची माहिती कळवणे बंधनकारक केले आहे. वजनासाठी उपाशी ठेवणे, सर्वांसमोर अपमान करणे किंवा दुखावलेल्या पायावर सराव करून घेणे या गोष्टी मात्र बहुधा 'शिस्त' या नावाखाली झाकल्या जातात. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, वसतिगृहाचा अधीक्षक आणि महाविद्यालयाचा क्रीडासंचालक हे या साखळीतील पहिले जाणकार असतात. त्यांचे मूल्यमापन पदकसंख्येवर होत असेल, तर त्यांच्या जाणण्याचे काय होते, हे ओलारू यांच्या ग्रंथाने दाखवून दिले आहे.

७. समारोप

तीन ग्रंथांच्या या विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) बालवयातील निवड ही एका प्रशिक्षकाच्या दृष्टीची किमया नसून शरीराच्या विशिष्ट अवस्थेला मूल्य देणाऱ्या यंत्रणेचे कार्य आहे. आहार, वजन आणि वय यांविषयीचे गैरप्रकार त्या मूल्यातूनच जन्मतात. स्पर्धेचे किमान वय वाढवल्याने त्यांना काहीसा आवर बसतो; परंतु प्रशिक्षणाचे वय त्यामुळे बदलत नाही.

(२) यशस्वी खेळाडूचे 'मी निवडले' हे विधान आदराने ऐकले पाहिजे. मात्र सहाव्या वर्षीच्या संमतीचा पुरावा म्हणून ते वापरता येत नाही. कोमानेचीचे आत्मकथनच या दोहोंमधील तणाव जपून ठेवते.

(३) लाफों यांची कादंबरी राज्यसंस्था आणि प्रेक्षक या दोघांनाही उत्तरदायी ठरवते. बालशरीराच्या कौतुकात सहभागी झालेला प्रेक्षक या व्यवहारातून अलिप्त राहू शकत नाही.

(४) ओलारू यांनी प्रकाशात आणलेल्या दस्तऐवजांवरून असे सिद्ध होते की, माहितीचा अभाव हे अत्याचाराचे कारण नव्हते. माहिती बाळगणारी आणि लाभ घेणारी संस्था एकच असणे हे त्याचे कारण होते. म्हणून केवळ तक्रारपेट्या, अहवाल आणि देखरेख वाढवून बालखेळाडूचे संरक्षण होणार नाही. मुलाचे म्हणणे ऐकणारी व्यक्ती पदकाच्या हिशेबाबाहेरची असली पाहिजे, आणि सराव थांबवण्याचा अधिकार तिला असला पाहिजे.

माँट्रियलच्या गुणफलकाला दहाचा आकडा दाखवता आला नाही, ही गोष्ट आजवर गमतीने सांगितली जाते. ज्या राजवटीने ती मुलगी घडवली तिच्या दफ्तरात मात्र बारीकसारीक गोष्टींनाही जागा होती. मुलींची उपासमार त्यात नोंदली गेली आणि मारहाणही. त्या नोंदी वाचून सराव थांबवण्याचे उत्तरदायित्व तेवढे कोणावरही सोपवलेले नव्हते. बालखेळाडूंच्या कोणत्याही शासकीय योजनेचे मूल्यमापन करताना तिने किती पदके आणली याबरोबर हे उत्तरदायित्व तिने कोणाकडे दिले आहे, हेही विचारले गेले पाहिजे.